तीन रविवार मुका राहिलेला कॉम्प्युटर

गास गावातले एक काका मुंबईत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर वर्षभरात काचबिंदूने त्यांची नजर गेली. मुलगी परदेशात. तिची इंग्रजी ईमेल कुणीतरी शेजारी येऊन वाचून दाखवी. "माझ्याआधी तिची खबर आळीला लागते," ते एकदा मला म्हणाले. मी तेव्हा जवळच सोपाऱ्यात राहायचो आणि लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या नादाला लागलो होतो. लिहिलेलं बोलून दाखवणारा एक फुकट प्रोग्राम मला माहीत होता. "मी तुमचा कॉम्प्युटर बोलका करून देतो," असं बोलून बसलो.

लिनक्सची तयार सीडी टाकली असती तर काम दुपारपर्यंत झालं असतं. पण मला हौस. मूळ कोडपासून एकेक भाग कंपाइल करत, म्हणजे मशीनला चालेल असा बनवत, मी सगळी सिस्टिम स्वतः उभी केली आणि तिच्यावर तो बोलणारा प्रोग्राम बसवला. सुरू केला, तर चिडीचूप. काय चुकलं, तेही स्क्रीनवर येईना.

साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हर मीच जोडला होता, त्यामुळे संशय त्याच्यावर. ड्रायव्हर बदलायचा, पुन्हा कंपाइल करायचं. त्या जुन्या मशीनवर अर्धा दिवस सहज जाई. असे दोन रविवार गेले. "पानी घे पोरा," म्हणत काकी तांब्या ठेवून जात. काका शेजारच्या खुर्चीत बसून असत. त्यांनी कधी घाई केली नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटे.

तिसऱ्या रविवारी मी हात टेकले. "काका, कार्डच गेलंय बहुतेक."

"आवाजाचं ना? ते चालू आहे."

"कशावरून?"

"तू बटण दाबलंस की स्पीकरमध्ये टिक् होतं. लगेच दुसऱ्यांदा टिक्. लाइन उघडते नि बंद होते. लाइन बरी आहे रे, पलीकडे बोलणारा माणूस नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुलाही ऐकू येतंय."

मी स्पीकरला कान लावून पुन्हा एन्टर दाबलं. खरंच, दोनदा टिक्. मग प्रोग्राम कोणकोणत्या फायली शोधतो ते तपासलं. आवाजाची फाइल मी एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि तो भलत्याच फोल्डरमध्ये तिला शोधत होता. तिथून माझ्या फाइलकडे जाणारी वाट एका ओळीत जोडून दिली आणि मशीन बोललं. उच्चार कसेतरीच, सपाट, पण शब्द कळत होते.

कोणती कळ दाबायची ते काकांनी दोनदा करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तू जरा बाहेर बस."

मी ओट्यावर जाऊन बसलो. आत मशीन मुलीची एकच ईमेल पुन्हा पुन्हा वाचत होतं. दार लोटलेलं होतं, तरी एक वाक्य माझ्या कानावर आलंच. मुलीला घरची आठवण येत होती आणि ती रडली होती. काकी ओट्यावर आल्या. त्यांना इंग्रजी येत नसे. "काय म्हणते आमची पोर?" त्यांनी विचारलं.

"काका सांगतील," मी म्हणालो.