पाठकोऱ्या कागदावरची ट्राम

कोल्हापुरात मेट्रो यावी की ट्राम, यावरून मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र आठ महिने एकमेकांशी धड बोलत नव्हतो. म्हणजे रोज बोलत होतो, पण फक्त त्याच विषयावर. शहरात दोन्हींपैकी काहीही येण्याची चिन्हं नव्हती, ही गोष्ट आम्हाला किरकोळ वाटायची.

तो सिमेंटचा व्यापारी, म्हणून त्याला खांबांवरून धावणारी मेट्रो हवी. मी पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेला ड्रॉइंगचा मास्तर. मला ट्राम हवी, कारण तिचा नकाशा सुरेख निघतो. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत आमच्यामुळं सरळ दोन तट पडले. फुटबॉलच्या मॅचला पेठा भांडतात तसे आम्ही साठीपुढचे लोक भांडायचो. यातल्या एकानंही गेल्या वीस वर्षांत सिटी बसमध्ये पाय ठेवलेला नव्हता. मी तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढतो.

अशात शहराच्या वाहतूक आराखड्यावर सूचना-हरकती ऐकायचा दिवस जाहीर झाला. मी पंधरा दिवस आरशासमोर भाषण घोकलं. बायको म्हणाली, "आरसा काही टाळ्या वाजवणार नाही, जेवून घ्या."

त्या दिवशी सकाळी आमच्या दूधवाल्या वहिनी दारातच थांबल्या. गगनबावडा रस्त्यावरच्या एका खेड्यातून त्या रोज पहिल्या सिटी बसनं यायच्या. घरी दोन म्हशी, हातात दोन कॅन, आमच्या पेठेत बारा घरी रतीब. आराखड्यात ती फेरी बंद करायचं घाटत होतं, आणि वडापच्या जीपवाले कॅनला जागा देत नाहीत.

"सर, तुमी जाताय न्हवं तिकडं? एवढा आमचा अर्ज द्या की. गावातल्या समद्यांच्या सह्या हायत. आज शेवटचा दिस हाय म्हणं. गाडी बंद झाली तर एक म्हस इकाय लागंल बघा."

"तुम्ही निर्धास्त राहा," अर्ज पिशवीत टाकत मी म्हणालो. आवाज भारदस्त लावला होता, एवढं चांगलं आठवतं.

सभागृहात प्रत्येकाला पाच मिनिटं होती. मी वीस घेतली. मध्येच मित्र उठून ओरडला, "अरं, गंगावेशीत ट्राम वळणार कशी? दाखव की काढून!"

हे मला कुणी म्हणायला नको होतं. पाठकोरा कागद दिसला की माझे हात जन्मापासून शिवशिवतात. पिशवीत हात घातला, आला तो कागद उलटा केला आणि रंकाळा, गंगावेस, बिंदू चौक, स्टँड असा सगळा मार्ग काढून टाकला. वळणाची त्रिज्यासुद्धा लिहिली. लोक खुर्च्यांवरून उठून बघायला आले. मित्रानं पेन्सिल हिसकावून त्याच कागदावर मेट्रोचे खांब ठोकले. अधिकारी म्हणाले, "छान आहे," आणि पुढचं नाव पुकारलं.

भांडत भांडतच आम्ही दोघं मिसळ खायला गेलो. तिथं कटाचा थेंब नकाशावर पडला. पुसायला कागद उलटला, तर मागं सह्या. अंगठेही होते. तेव्हा सव्वासहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात हजर होतो. कारकुनानं मुदत संपल्याचं सांगितलं आणि नकाशा मात्र कौतुकानं पाहिला.

"दिला न्हवं अर्ज?" वहिनींनी विचारलं. "हो हो, बघताहेत ते," मी म्हणालो. चाळीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या, पण इतकी पडेल थाप एकाही पोरानं मारली नव्हती. पुढं महिनाभर मी दूध घ्यायला बायकोला पाठवत राहिलो.

शेवटी फेरी बंद झालीच. शेवटच्या दिवशी त्या बसनं वहिनी आल्या, तेव्हा मी स्वतः दार उघडलं, कागद त्यांच्या हातात दिला आणि घडलं ते सगळं सांगितलं. मला मनापासून शरम वाटत होती. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या डोळे बारीक करून ट्रामच्या रुळांवरून बोट फिरवत राहिल्या.

"ह्यात आमचं गाव कुठं हाय?"

"नाही. कागद रंकाळ्याशीच संपला."

"व्हय का." त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवला. "धाकली म्हस इकाय काढलीया. रविवारी घिऊन जाणार हायत." मग माप भरून दूध ओतलं, वर थोडं जास्तीचं घातलं. "आणि सर, पलीकडच्या गल्लीत एक मावशी दूध घालत्यात. पाणी न्हाई घालत. तुमच्या घरचं सांगून ठिवलंय म्या त्यास्नी. उद्यापासनं येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या मावशी दूध घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या.