न झालेल्या आजाराचा नवस

मी आजारी नव्हतो. एवढंच वाक्य मला माझ्या बहिणीला सांगायचं होतं, आणि ती जिवंत असेपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही.

त्या वेळी मी कोरियात शिक्षक होतो. मावळातला कुणब्याचा मुलगा तिकडे कसा पोचला, असं लोणावळ्यात मला अजून विचारतात. जन्म भाज्याचा. पुण्याला राहून मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायला म्हणून त्या कुटुंबाबरोबर जपानला गेलो. पुढे त्यांनी बिऱ्हाड हलवलं, तेव्हा ओळखीच्या एका पाद्र्याने मला समुद्रापलीकडे कोरियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला पाठवलं. तिथे तेव्हा जपान्यांचं राज्य होतं. मुलांनी शाळेत जपानी बोलायचं, घरी कोरियन, आणि माझ्या तासाला इंग्रजी. एकदा एका मुलाने विचारलं, "गुरुजी, तुमच्या देशावर इंग्रजांचं राज्य आहे ना? मग त्यांची भाषा आम्हाला तुम्ही का शिकवता?" वर्ग हसला. मीही हसलो. मग फळ्याकडे वळलो.

पण मी सुखात होतो, हे कबूल केलं पाहिजे. मावळात मी कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाऊ, अमक्याच्या बांधाला बांध असलेला. तिथे मी फक्त गुरुजी. मुलं वाकून नमस्कार करत आणि माझ्या घरची शेती किती हे कोणी विचारत नसे. सकाळी बर्फातून शाळेत जायचं, दुपारी लाल तिखटात मुरवलेल्या कोबीबरोबर भात खायचा, संध्याकाळी खोलीवर येऊन जमिनीवर आडवं व्हायचं. तिकडे चुलीचा धूर घराच्या जमिनीखालून खेळवतात. जमीन तव्यासारखी तापते आणि बाहेर पाणी गोठलेलं असतं.

माझी घरमालकीण म्हातारी होती. तिचा एकुलता मुलगा कामासाठी मांचुरियात गेला होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. रोज संध्याकाळी ती भाताचा पहिला वाडगा त्याच्या नावाने भरायची, वर पितळी झाकण ठेवायची आणि जमीन सगळ्यात गरम असते त्या कोपऱ्यात गोधडीखाली झाकून ठेवायची. घरापासून लांब असलेल्या माणसासाठी असा भात ठेवला की तो परमुलखात उपाशी राहत नाही, अशी तिकडची समजूत. सकाळी तो भात ती स्वतः खायची.

मला त्याचं फार कौतुक वाटलं. तिने एकदा विचारलं, "तुझ्यासाठी कोण ठेवतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे अशी पद्धत नाही."

आई गेली तेव्हा मी लहान होतो. मला अक्काने वाढवलं. ती लग्न होऊन लोहगडवाडीला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. सासूने टोमणा मारला, "नवरीसंगं आंदण म्हून वासरू आलंय." अक्का म्हणाली, "व्हय, आणि त्ये चरंल बी." मी कोरियात असताना दर भाऊबीजेला ती माझ्या नावाचा पाट मांडायची आणि भाऊ जवळ नाही म्हणून चंद्राला ओवाळायची, हे मला ठाऊक होतं. म्हातारीने विचारलं तेव्हा आठवलं नाही, असंही नाही. सांगावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अक्काचं पत्र आलं. गावच्या मास्तरांच्या हातचं, बोल तिचे. तिच्या पोरीचं ठरलं होतं. नवरा मुलगा कार्ल्याकडचा, लोणावळ्याला रेल्वेत कामाला, हसरा. वैशाखात लग्न. आमच्यात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. अंतरपाट सरेपर्यंत तिच्या पाठीवर त्याची सावली हवी. अक्काला मी एकटाच भाऊ. "तू आल्याबिगार हळद न्हाई," असं तिने लिहवलं होतं.

मार्चअखेर शाळेचं वर्ष संपत होतं. नोकरी सोडून निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. पण त्या देशाच्या पूर्वेला वज्रपर्वत म्हणून एक डोंगररांग आहे. ती पायी बघायची, एकट्याने, असं मी वर्षभर मनात धरलं होतं. एकदा घरी गेलो की परत येणं नाही, हेही कळत होतं. म्हणून मी लिहिलं की मला फुप्फुसाचा ज्वर झाला आहे, इस्पितळात आहे, डॉक्टर बोटीत बसू देत नाहीत, लग्न उरकून घ्या.

माझी चूक खोटं बोलण्याएवढीच असती, तर आज एवढी बोचली नसती. "येत नाही, मला डोंगर बघायचा आहे," असं लिहिलं असतं तर अक्काने मला चार शिव्या दिल्या असत्या, भावकीतला एखादा चुलतभाऊ मामा म्हणून उभा केला असता आणि पोरीचं लग्न लागलं असतं. पण सख्खा मामा परमुलखात अंथरुणाला खिळलेला असताना आमच्याकडे कोणी मांडवाची मेढ रोवत नाही. मी त्याच मातीतला. हे मला कळायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निघालो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शेतकरी कोंबड्या घेऊन बसले होते. पोलिसाने माझे कागद दोनदा तपासले. हिंदुस्थानी माणूस एकटा डोंगरात कशाला चालला आहे, हे त्याला समजेना. "बघायला," मी म्हणालो. "नुसतं बघायला?" त्याने विचारलं. आमच्या वाडीतल्या कोणीही हेच विचारलं असतं. पुढे कड्यात लोखंडी साखळ्या ठोकलेल्या वाटा, हिरवे डोह, आणि एका मठात म्हातारा भिक्षू. मी बुद्धाच्या देशातून आलो हे कळल्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तुमच्याकडे बुद्धाची स्थानं असतील ना? मी म्हणालो, माझ्या गावात डोंगर कोरून केलेली लेणी आहेत. पावसात आम्ही तिथे गुरं उभी करत होतो, हे सांगितलं नाही. त्या रात्री मठाच्या ओसरीवर मला वाटलं की आयुष्यात इतका मोकळा मी कधीच नव्हतो.

परतलो तेव्हा म्हातारीने दार उघडलं. मला बसवलं, कोपऱ्यातली गोधडी उचलली. खाली दोन वाडगे होते.

"हा त्याचा," ती म्हणाली, "हा तुझा. रोज ठेवत होते. डोंगरात उपाशी नाही ना राहिलास?"

मी तो भात खाल्ला. नंतर तिने माझ्या नावाने आलेलं पत्र दिलं. अक्काने कार्ल्याच्या एकवीरेला नवस केला होता: भाऊ बरा होऊन घरी येईपर्यंत भाताला शिवणार नाही, आणि त्याच्या पाठबळाशिवाय पोरीचं लग्न लावणार नाही. भाताच्या मुलखात राहून, चार खाचरांची मालकीण असून, ती नाचणीची भाकरी खात होती. वैशाख उलटला होता. मुलाकडचे थांबले होते.

तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "हळूहळू बरा होत आहे." खोट्याला आता नवस चिकटला होता. तो फोडायचा म्हणजे तिच्या देवीसमोर उभं राहायचं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. दिवाळीनंतर अक्काने कळवलं की मुलाकडच्यांनी नात्यातली दुसरी मुलगी केली. त्यांचं चुकलं, असं मी म्हणू शकत नाही. मग तोंड कसं दाखवायचं म्हणून मी आणखी एक वर्ष राहिलो. युद्धाच्या बातम्या वाढल्या, बोटींचा भरवसा राहिला नाही, तेव्हा आलो.

मळवली स्टेशनावर अक्का आली होती. वाळली होती. तिने माझी छाती दोन्ही हातांनी चाचपली.

"दम लागतो का रं अजून?"

"नाही, अक्का."

"आईनं ऐकलं," ती म्हणाली आणि तिथूनच पलीकडच्या एकवीरेच्या डोंगराकडे हात जोडले. मग म्हणाली, "एवढा बर्फात ऱ्हायलास, पर गोरा काय न्हाई झालास."

दुसऱ्या दिवशी मला एकवीरेला नेलं. कोंबडं दिलं. मी त्या पायऱ्या चढलो, कपाळ टेकलं, अंगारा लावून घेतला. घरी आल्यावर तिने भात रांधला, पहिला घास मला भरवला, मग स्वतः खाल्ला. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी पुढचा घास घेतला.

भाचीला एव्हाना लोक थोराड म्हणू लागले होते. स्थळ आलं ते पवन मावळातलं, बिजवर, दम्याचं. मी मांडवात तिच्या पाठीशी उभा राहिलो. तिच्या खांद्यांवर हात ठेवले. ती मान न वळवता हळूच म्हणाली, "मामा, तुमी हायेसा न्हवं मागं?" मी म्हणालो, आहे. तीन पावसाळ्यांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी तिला बापाच्या घरी आणून सोडलं.

मी लोणावळ्याच्या शाळेत लागलो. टांग्याच्या घोड्यांसाठी गवताचे भारे विकायला वाडीच्या बायका येतात. त्यांत ती दिसायची. डोक्यावर भारा असला की माणसाला मान हलवता येत नाही. ती डोळ्यांनीच मला ओळख द्यायची, आणि मी वाट बदलायचो.

अक्का गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात शेजारणीला सांगत होती, "माजा भाऊ आईनं मरणातून परत दिला, मला आनिक काय हवं." हे ऐकून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत जाऊन सांगितलं असतं तर तिच्याकडून देवी काढून घेतल्यासारखं झालं असतं. तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं. आज वाटतं, ती माझी सोय होती.

यंदा तिचं वर्षश्राद्ध भातकापणीत आलं. मी चालत वाडीला गेलो. जेवणं झाली, मेहुणे आत लवंडले. भाची खळ्यावर पेंढ्या झोडपत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"मामा, सावलीला बसा की. भाताची कूस लागंल अंगाला," ती म्हणाली.

"मी आजारी नव्हतो," मी म्हणालो.

"कवा?"

"तुझं पहिलं ठरलं तेव्हा. ज्वर नव्हता, इस्पितळ नव्हतं. मी डोंगर बघायला गेलो होतो. तुझ्या आईला खोटं लिहिलं."

तिच्या हातातली पेंढी तशीच राहिली. ती माझ्याकडे नाही, पेंढीकडे बघत होती.

"आईला कळलं व्हतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग, "कसा व्हता त्यो डोंगर?"

टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. चांगला होता, हेच खरं होतं.

"चांगला होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पेंढी फळीवर आपटली. दाणे उडाले. ती पुढची पेंढी उचलायला वाकली तेव्हा मी तिचा हात धरला. मामाने भाचीच्या पाया पडायचं, हीसुद्धा आमच्यातली रीत. लग्नात मी ती रीत पाळली होती, पण तेव्हा मनात खोटं होतं. मी खळ्यातल्या भातावर गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुझं आयुष्य मी माझ्या सुट्टीसाठी मोडलं, पोरी. मला माफ कर म्हणत नाही. माझं चुकलं, एवढं तू माझ्या तोंडून ऐकावंस."