मोठ्या बाईंचा पाठ

ऐकण्याची विद्या मी काशीपासून वाईपर्यंत पुष्कळ विद्वानांत शोधली. ती पूर्णत्वाने आढळली मात्र आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील एका परिचारिकेत. मुंबई-नागपूर एका राज्यात येऊन दोनतीन वर्षे झाली असतील. विषमज्वराने मला त्या दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर आणून टाकले आणि तेथे या बाईंचे दर्शन घडले. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या हाताखाली एकच मुलगी होती, म्हणून ती लहान बाई. मोठ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, सावळ्या. पांढऱ्या लुगड्याला कांजी इतकी कडक की त्या वळल्या म्हणजे पळसाची वाळलेली पाने तुडवल्यासारखा आवाज होई. औषधाची बाटली उन्हाकडे धरून त्यातील गाळ पाहिल्याशिवाय त्या ती कोणाला देत नसत आणि ताप मोजण्याची नळी झटकताना तिच्याशी हळूच काहीतरी बोलत. काय बोलता, असे मी एकदा विचारले. "तिले म्हनते, मागच्याचा ताप इसर, मंग याचा सांग," असे त्यांनी गंभीरपणे उत्तर दिले.

परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक आज्ञा त्या मोठ्याने परत म्हणत. "पाच नंबर, दोन गोळ्या, जेवणानंतर," असे डॉक्टर म्हणाले की बाई तेच शब्द साऱ्या वॉर्डाला ऐकू जातील असे उच्चारीत आणि डॉक्टरांनी "हो" म्हटल्याशिवाय पुढच्या खाटेकडे पाऊल टाकीत नसत. एवढ्याने भागत नसे. संध्याकाळी दिवे लागले की त्या पुन्हा एक फेरी काढीत आणि ज्याची आज्ञा त्याच्याच तोंडून म्हणवून घेत. नीट म्हटली की "हाव" म्हणत; चुकली की पुन्हा. आम्ही बालपणी गुरूंपुढे संथा घेत असू. गुरूंनी एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा. पन्नास वर्षांनी, डोक्यावर ओल्या फडक्याची घडी घेऊन, मी पुन्हा संथेला बसलो होतो. माझ्यासोबत दुसरबीडचे एक वांगी-मिरच्या पिकवणारे गृहस्थ पाच नंबरवर होते. अक्षरशत्रू माणूस, परंतु आठ दिवसांत त्यांना नऊही खाटांची औषधे मुखोद्गत झाली. झोपेत कूस बदलतानाही ते "मिक्श्चर, हलवून," असे पुटपुटत.

या पद्धतीचा डॉक्टरांना अतिशय राग येई. ते पुण्याकडचे, वय पस्तिशीच्या आत, हात मोठा कुशल; त्यांच्या टाक्यांची रेघ जरीच्या काठासारखी येई. जीभ मात्र तशी नव्हती. मला ते "शास्त्रीबुवा, आपण" असे संबोधीत, औषधांची संस्कृत नावे आदराने विचारीत. आणि त्याच श्वासात आईच्या वयाच्या बाईंना "ए" म्हणून हाक मारीत. रोगी त्यांच्या लेखी आकडे होते. "माझी वाक्यं मलाच काय ऐकवतेस? डोक्यात सरकी भरली आहे का?" असे त्यांनी एके दिवशी सर्वांदेखत विचारले. बाईंनी खाली पाहून "पाच नंबर, दोन गोळ्या, जेवणानंतर," एवढेच पुन्हा म्हटले. डॉक्टर बाहेर गेल्यावर लहान बाई रडू लागली, तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "रडून काऊन राह्यली व? सरकीतून तेल तरी निंघते."

लहान बाई नोकरीत नवी होती, कायम झालेली नव्हती. दुसरबीडला तिची आई आणि दोन धाकटे भाऊ तिच्याच आधारावर होते. एका सकाळी मोठ्या बाई बाळंतिणीच्या खोलीत अडकल्या आणि फेरीला ती एकटीच उभी राहिली. डॉक्टर घाईत होते. आठ नंबरवर जानेफळचे एक वृद्ध शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आदल्या संध्याकाळी त्यांचे अंतर्गळाचे, म्हणजे हर्नियाचे, ऑपरेशन झाले होते आणि पाण्याचा थेंबही वर्ज्य होता. पेज द्यायची होती ती नऊ नंबरला. डॉक्टर म्हणाले, "आठ नंबरला पेज." लहान बाई चाचरली, शिकवल्याप्रमाणे तिने विचारले, "साहेब, आठ नंबरले पेज?"

"कानात बोळे घातलेस? आठ म्हणजे आठ!"

तिने पेज दिली. दुपारी आबांना उलट्या झाल्या, टाके ताणले गेले. डॉक्टरांनी धावत येऊन दोन तास खटपट केली आणि त्यांना वाचवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. परंतु हात धुऊन ते वॉर्डात आले ते कागद घेऊनच. "पेज मी सांगितलीच नव्हती. उद्याच्या टपालानं रिपोर्ट जाईल. असल्या मुली मला इथे नकोत."

लहान बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. तेवढ्यात कांजीची सळसळ ऐकू आली. मोठ्या बाई म्हणाल्या, "रिपोर्ट लिहा साहेब. पन दिवे लागले, माह्या पाठाची येळ झाली. तेवढा होऊ द्या." आणि उत्तराची वाट न पाहता त्या एक नंबरच्या खाटेशी उभ्या राहिल्या.

एक नंबरने आपली आज्ञा म्हटली. "हाव." दोनने म्हटली. "हाव." पाच नंबरने स्वतःची म्हटली आणि सवयीने सहाचीही. माझी पाळी आली, मी म्हटली. मग बाई म्हणाल्या, "आबाले बोलवत नाही. गुरुजी, तुम्ही शेजारी. आबाची तुम्ही म्हना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. सोमवारी घरी सोडतो, असे त्यांनी मला सकाळीच सांगितले होते आणि मला घराची ओढ लागली होती. नित्य सत्यवचनाचे माहात्म्य मुलांना शिकवणारा मी, भिंतीकडे पाहत राहिलो.

"गुरुजी, काऊन थांबले?" पाच नंबर खरोखरच्या आश्चर्याने म्हणाले. "तुमाले तं सगयं पाठ रायते!"

मग मी म्हटले. संथेत शब्दाइतकाच स्वरही सांभाळावा लागतो, स्वर ढळला तर पाठ अशुद्ध होतो. म्हणून "आठ नंबरला पेज" येथून "कानात बोळे घातलेस? आठ म्हणजे आठ!" येथपर्यंत सर्व काही मी ज्या स्वरात ऐकले त्याच स्वरात, त्याच चढ-उतारांसह उच्चारले. ज्वराने क्षीण झालेल्या माझ्या कंठातून डॉक्टरांचाच आवाज निघाला. कोणीही हसले नाही.

"हाव," मोठ्या बाई म्हणाल्या आणि नऊ नंबरकडे वळल्या.

डॉक्टरांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो खिशात घालून ते निघून गेले. रिपोर्ट गेला नाही. क्षमा त्यांनी कधी मागितली नाही. परंतु दुसऱ्या सकाळी आठव्या खाटेशी ते म्हणाले, "आबांना आज फक्त पाण्याचे घोट," आणि पुढे न जाता लहान बाईकडे पाहत थांबले. तिने परत म्हटले. "हो," डॉक्टर म्हणाले. मला वाटले होते, मोठ्या बाई माझी थोडी वाखाणणी करतील. नळी झटकता झटकता त्या एवढेच म्हणाल्या, "पाठ बराबर होता गुरुजी. उशीर झाला जरासा."

दोन वर्षांनी त्यांची बदली दूर सोनाळ्याला झाली. मोटार स्टँडवर ट्रंकेवर बसलेल्या त्या मला दिसल्या. नमस्कार केला, तोच त्यांनी माझे पथ्य विचारले. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. तेव्हा त्या गर्दीत मी उभा राहून "आंबट वर्ज्य, दूध-भात, दुपारी विश्रांती," असे मोठ्याने म्हटले. "हाव," म्हणून त्या मोटारीत चढल्या. पुन्हा भेट झाली नाही.

आता माझ्या गोळ्या पुष्कळ झाल्या आहेत. प्रत्येक गोळी तळहातावर घेऊन ती कोणती, कशावरची, जेवणाआधीची की नंतरची, हे मी मोठ्याने म्हणतो. सुनेला वाटते, म्हातारपण. म्हणून झाले की मी क्षणभर थांबतो. मग पाणी पितो.