छपराच्या पुलावर

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत आम्ही चौघं एका घरात राहायचो, सगळे एकाच प्रोजेक्टवर. मी टीम लीड. सगळ्यात नवा होता तो नागपूरचा, वर्षभरापूर्वीच नोकरीला लागलेला. मला दादा म्हणायचा, माझ्या शर्टांना इस्त्रीसुद्धा करून द्यायचा. मी कधी नको म्हटलं नाही.

एका शनिवारी गाडी भाड्याने घेऊन आम्ही खेड्यांकडे निघालो. नदीवर एक फार जुना लाकडी पूल होता. वर कौलांचं छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती आणि मेंढ्या शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना फाटकं. आत अंधार, ओल्या लाकडाचा वास. पायाखालच्या फळ्यांमधल्या फटींतून खाली फेसाळतं पाणी दिसायचं.

तो मध्यावर जाऊन थांबला. "दादा, मला जमत नाहीये. हात द्या ना."

मी हात दिला नाही. बाकीच्या दोघांना डोळ्यानेच खूण केली. दोघं पलीकडे धावले, त्यांनी तिकडचं फाटक लावलं. इकडचं मी लावलं आणि मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. मग तिघांनी मिळून फळ्यांवर उड्या मारायला सुरुवात केली. पूल करकरला. तो खाली बसला, मग पालथा झोपला आणि आईला हाका मारू लागला. त्याची पँट ओली झालेली मला कॅमेऱ्यातून दिसली. मी शूटिंग थांबवलं नाही.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला बाजूला सारून फाटक उघडलं. त्या त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि त्याला रांगत रांगत बाहेर घेऊन आल्या. मग मला इंग्रजीत विचारलं, "हा तुमचा मित्र ना?"

"नाही," मी म्हणालो. "ऑफिसात बरोबर आहे, एवढंच."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

परतताना त्याला सीटवर पिशवी अंथरून बसायला लावलं. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "दादा, तेवढं डिलीट करा ना."

"केलं रे," मी म्हणालो.

सोमवारी कँटीनमध्ये मी ते सगळ्यांना दाखवलं. तोही बघत होता. सगळे हसले तेव्हा तोही हसला, मग ताट तसंच ठेवून उठला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, तेही 'सर' म्हणून.

दोन महिन्यांनी माणसं कमी करायची वेळ आली. मॅनेजरने विचारलं, कोणाला परत पाठवायचं? काम त्याचं आमच्या सगळ्यांपेक्षा चोख होतं, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "तो प्रेशरमध्ये टिकत नाही." मॅनेजरने ते लिहून घेतलं.

एअरपोर्टला त्याला सोडायला कोणी गेलं नाही. त्याची खोली माझ्या खोलीपेक्षा मोठी होती, बागेच्या बाजूची. टॅक्सी वळली आणि मी माझी गादी उचलून तिकडे नेली. त्या रात्री मला छान झोप लागली.