काचेतले इंजिन आणि पाण्यातले

शिक्षण माझे नववीत थांबले, लेखणी मात्र थांबली नाही. लातूरच्या कचेरीसमोर मी अर्जनवीस म्हणून बसतो. भूकंपानंतरच्या वर्षांत घरासाठी, पत्र्यांसाठी, मदतीसाठी या जिल्ह्याने जे जे मागितले, त्यातले बरेचसे माझ्याच अक्षरात मागितले. प्रत्येक अर्जात प्रयोजन लिहावे लागे. माझ्या एकाच गोष्टीला प्रयोजन नव्हते: हातभर लांबीची, स्वतः घडवलेली, काठावरून रिमोटने चालवायची शर्यतीची होडी. जमीन हलते हे कळल्यावर माणसाने पाण्याशी सलगी करू नये, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

होडी तयार होती; अडले होते इंजिनाशी. पहिल्या खेपेला मी आकाराला भुललो आणि खेळातल्या विमानाचे मोठे इंजिन बसवले. नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारी ही इवलीशी यंत्रे भयंकर तापतात. विमानात पंख्याचा वारा त्यांना थंड ठेवतो. होडीच्या बंद पोटात वारा कुठला? तळ्याच्या मध्यावर ते जळून जाम झाले. काठावरच्या लोकांनी केलेली थट्टा मी विसरलेलो नाही. म्हणून मी ठरवले, इंजिन लहानच घ्यायचे, परंतु ज्याच्या डोक्याभोवती पाणी खेळते असे, खास होडीचे.

तसे एकच इंजिन नांदेडला, मोंढ्याजवळच्या एका चाचांच्या दुकानात उरले होते. जळालेले इंजिन नमुन्यासाठी पिशवीत घालून मी तेथे पोहोचलो, तर लातूरचे एक क्लासवाले सर माझ्याआधीच उभे. त्या दिवसांत लातुरात शहाणपण म्हणजे मार्क, आणि मार्क म्हणजे सर. त्यांनाही तेच इंजिन हवे होते. क्लासच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ते ठेवायचे, म्हणजे पालकांना विज्ञान दिसेल.

या वयात होड्या सोडता का, असे त्यांनी हसून विचारले. विमानाचे मोठे घ्या, दिसायलाही भरदार असते, असा सल्लाही दिला. शेवटी म्हणाले, "अर्जनवीस, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. तुम्ही समजूतदार आहात. सोडा."

जन्मभर मी इतरांसाठी 'कृपावंत होऊन' असे लिहीत आलो. त्या दुकानात तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

"सर, मी होडी सोडतो. इंजिन सोडणार नाही."

चाचांनी आम्हा दोघांकडे पाहिले. पेटीत ठेवून ते चालवणार का, असे त्यांनी सरांना विचारले. छे, नुसते ठेवायचे, असे सर म्हणाले. तेव्हा चाचांनी माझ्या पिशवीतले जळके इंजिन काढले आणि फडक्याने पुसले.

"मग हे न्या की साहेब. मोठं बी हाय, चमकतं बी. काचेत जळालेलं कोणाला कळणार हाय? मुन्शीजी, तुमची काही हरकत?"

माझी हरकत नव्हती. सरांना तर ते मनापासून आवडले.

लहान इंजिनाची होडी मी गोदावरीच्या घाटावर सोडली. कोणाला मागे टाकले असे म्हणणार नाही. परंतु ती पात्रात दूर जाऊन वळली आणि परत आली. इंजिनाभोवती फिरलेले पाणी कडेच्या नळीतून सारखे उडत होते. हे कशासाठी, असे घाटावर एकाने विचारले. मी होडी पुन्हा पात्राकडे वळवली.

जळालेले इंजिन अजून त्या पेटीत आहे. कचेरीकडे जाताना रोज दिसते. मुले त्याच्यासमोर चपला काढून आत जातात. खाली पितळी पाटी आहे: 'गती'. मजकूर माझ्याकडून लिहून घेतला असता, तर मी दुसरा शब्द सुचवला असता. त्यांनी विचारले नाही.