डोळे तेवढे राहिलेत

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या बायकोच्या मावशीइतकी थोर कलोपासक दुसरी नसेल. हे मी त्यांना एकदा सांगितलंही. त्या म्हणाल्या, "कला कसली, जावईबापू? काम हाय ते." हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. आता दर मंगळवारी बिनरंगाच्या कच्च्या मूर्ती पेंढ्यात बांधून त्या एसटीने रोह्याच्या वृद्धाश्रमात जातात. कंडक्टरने सामानाचे पैसे मागितले, तर "देवाचं तिकीट फाडतोस?" म्हणून त्यालाच खजील करतात.

त्यांच्याआधी तिथे एक ताई चित्रं काढून घ्यायला यायच्या. मनातलं कागदावर उतरवा, म्हणायच्या. एका निवृत्त गुरुजींनी अख्खा कागद काळा केला आणि तिथेच झोपी गेले. मावशींनी कुणाच्या मनाची चौकशी केली नाही. कारखान्याची रीत लावली: एकाने अंगाचा रंग द्यायचा, दुसऱ्याने पितांबर, तिसऱ्याने दागिने, अख्खा गणपती कुणालाच नाही. अंगाचा रंग गुरुजींकडे आहे. त्यांना डुलकी लागली की पितांबरवाल्या आजी ओरडतात, "ओ गुरुजी, उठा! देव उघडा बसलाय!" इतकी वर्षं कोपऱ्यात एकटे जेवणारे गुरुजी हल्ली दिवसभर बोलणी खातात आणि वर एक भाकरी जास्त मागतात.

डोळे मावशींनी मिठागरात राबलेल्या एका आजींना दिले. मुलगा इथे सोडून गेल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून बसत. कुणाशी चकार शब्द नाही. मावशी त्यांच्या खिडकीत मूर्ती ठेवायच्या, "डोळं तुझं गो," म्हणायच्या आणि निघून यायच्या. खिडकी भरली. आश्रमाने ठरवलेल्या मूर्तींच्या प्रदर्शनाचा दिवस आला तरी सगळे गणपती बिनडोळ्यांचेच. व्यवस्थापक काकुळतीला आले, "मावशी, तुम्हीच काढा ना!"

"दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाय."

तशाच मूर्ती मांडल्या गेल्या. पाहुणे ज्येष्ठांच्या आयुष्यातल्या प्रकाशावर बराच वेळ बोलले. मागून एक घोगरा आवाज आला. "आंधळ्या देवांना काय दाखवतोस रं? आण गो तो ब्रश."

भाषण तिथेच थांबलं. सगळे मिठागरातल्या आजींभोवती जमले. मावशींनी ब्रश दिला आणि पदराने उगाचच टेबल पुसत राहिल्या. मीही त्या गर्दीत होतो. मावशींचा वाटला एवढा अभिमान मला माझ्या सख्ख्या माणसांचाही फारसा वाटलेला नाही.

त्यातला एक गणपती यंदा आमच्या घरी बसला. आरतीला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला वाटतं, बाप्पा आपल्याकडेच बघतोय. तो तिरळा आहे.