माझ्या नखातला मळ

“बाई, हात इकडे कर.”

सर असं म्हणाले तेव्हा वाटलं, काही धरायला देतायत. मी हात पुढं केला. बोटाला न शिवता त्यांनी माझ्या नखाखाली सुई घातली. मळ काढला. काचेच्या पट्टीवर ठेवून वर पाण्याचा थेंब टाकला.

इंदूरच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या खोलीत मी झाडूपोछा करायची. चौथी शिकलेली. वडील महूच्या छावणीत शिपाई. मध्यप्रदेश नवा होता, आम्हीही नुकतेच बौद्ध झालो होतो. सर मराठीच, जुन्या सरदार घराण्यातले. आमची आधीची जात त्यांना ठाऊक होती. मायक्रोस्कोपचा पाय, दांडा मी पुसायचा. वरच्या भिंगाला हात लावायचा नाही. तिथं सगळ्यांचे डोळे लागतात.

“आरसा धर.”

पायाशी गोल आरसा असतो. तो ढिला होता, सोडला की कलायचा. मी खिडकीकडं करून धरला. पट्टी ठेवायच्या मंचाच्या भोकातून उजेड वर गेला. सरांनी पट्टी मंचावर चिमट्यांत अडकवली. मुलांना सांगितलं, खालचं भिंग वस्तू मोठी करतं, वरचं आणखी मोठी. मोठ्या चाकानं नळी वरखाली करा, बारीक चाकानं चित्र साफ करा.

मुलं एकेक करून डोळा लावू लागली.

“अरे भिया, इसमें तो पूरा मोहल्ला बसा है!”

एकजण इंदुरी हिंदीत ओरडला. सगळे हसले. सरही.

तो मळ त्यांच्याच ट्रेचा होता. बेडूक चिरलेले ट्रे सकाळी मीच राखेनं घासले होते. हे सांगायला तोंड उघडलं. निघालं भलतंच.

“सर, मी बघू?”

“तू नको. भिंग धुवावं लागेल.”

मी आरसा धरूनच उभी. माझाच मळ दिसावा म्हणून उजेड मीच देत होते. हात काढून घेता आला नाही.

पुढल्या साली नवी मुलं आली.

“बाई, हात.”

मी मूठ वळली. पदराखाली घेतली.

“नाही देणार, सर.”

“नोकरी करायची आहे ना?”

“करायची आहे. हात नाही देणार.”

आवाज इतका बारीक, मागच्या बाकावर ऐकूही गेला नसेल. दुसऱ्या दिवशी मला संडास धुवायला टाकलं. कोणी का म्हणून विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

त्या नळीत मी अजून पाहिलेलं नाही. बहुतेक पाहणारही नाही. फिनाइलनं बोटं सोलून निघतात. नखात मळ आहेच.

तो कुणाच्या काचेवर जाणार नाही.